आईची मांडी सुटते तेव्हा

धाकटा भाऊ झाला तेव्हा मी सव्वातीन वर्षांची होते. आई सांगते, पहिले चार दिवस मी पाळण्याला धरून उभी राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "ह्याला परत देऊन या" म्हणायचे. पाचव्या दिवशी जेवणच सोडलं. डोंबिवलीतली दोन खोल्यांची जागा, बाबांची पहाटेची पाळी, ओली बाळंतीण आणि तोंड फिरवून बसलेलं थोरलं पोर. आजोळी निरोप गेला. कापलेलं भात खळ्यात तसंच ठेवून आजी संगमेश्वराहून रात्रीच्या एसटीनं आली, आठवडाभर आईचं आणि बाळाचं बघितलं, आणि जाताना मला कडेवर घेऊन गेली. पुढची दोन वर्षं मी तिच्याजवळ वाढले.

त्या दिवसांतलं एकच चित्र लख्ख आठवतं. थंडीची सकाळ, परसातला बांध आणि पहारीनं कणगरं उकरणारी आजी. दगड लागला की पहारीचा आवाज बदलायचा. ती कंद वर काढायची, मी त्यांची माती झटकायचे. मग ती ते चुलीतल्या राखेत भाजायची, साल काढायची, फुंकर मारायची, आधी स्वतःच्या ओठाला लावून बघायची आणि मग माझ्या तोंडात घालायची.

कित्येक वर्षांनी टांझानियातल्या एका जमातीबद्दल वाचत होते. तिथल्या म्हाताऱ्या बायका कडक जमिनीतून कंद उकरतात, निखाऱ्यांवर भाजतात आणि नातवंडांना भरवतात, असं त्यात होतं. आणि पुढे असं, की माणसाला एवढं लांब आयुष्य का मिळालं, याचं उत्तर बहुधा या बायकांच्या कष्टात आहे. मी तिथेच थांबले. तेव्हापासून या विषयावर जे सापडेल ते वाचत आले आहे. त्यातलं मला नीट समजलेलं इथे सांगते.

म्हातारपण कशासाठी?

प्रश्न विचारायलाही जड जातो, पण जीवशास्त्राला तो सरळच विचारावा लागतो: निसर्गात आजी असतेच का?

उत्क्रांतीचा हिशोब रोखठोक आहे. ज्याची पिल्लं जास्त जगतात, त्याचे गुण पुढच्या पिढीत जास्त उतरतात. स्वतःची पिल्लं होणं थांबल्यावरही वर्षानुवर्षं जगत राहणारी मादी या हिशोबात कुठे बसत नाही. बहुतेक सस्तन प्राण्यांत ती दिसतही नाही. हत्तीण साठीच्या आसपासही विते. चिंपांझी हे आपले अगदी जवळचे नातलग. त्यांच्या माद्यांची प्रजननक्षमता आपल्यासारखीच साधारण पन्नाशीच्या सुमारास संपते, पण रानात तोवर त्या बहुतेक मरून गेलेल्या असतात. युगांडातल्या न्गोगो इथल्या चिंपांझींमध्ये काही माद्या त्यानंतरही जगतात, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. मात्र चिंपांझींच्या लेकी वयात आल्या की सहसा दुसऱ्या टोळीत निघून जातात. त्यामुळे म्हातारी जगली तरी लेकीचं पोर तिच्या मांडीवर येत नाही.

माणसाची गोष्ट निराळी. बाईची पाळी बहुधा ४५ ते ५५ च्या दरम्यान जाते आणि पुढे ती वीस, तीस, कधी चाळीस वर्षं जगते.

इथे एक गैरसमज आड येतो. पूर्वी माणसं तिशी-पस्तिशीतच जायची, म्हातारपण ही औषधांची देणगी आहे, असं आपण धरून चालतो. ही सरासरीनं केलेली फसगत आहे. समजा, दहा मुलं जन्मली. त्यांतली पाच एका वर्षाच्या आतच दगावली आणि उरलेली पाच पासष्टीपर्यंत जगली. सरासरी आयुष्य येतं तेहतीस वर्षं. पण त्या दहांपैकी तेहतिसाव्या वर्षी एकही गेलेलं नाही! शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या जमातींच्या नोंदी पाहिल्या, तर पंचेचाळिशी गाठलेली बाई पुढे सरासरी आणखी वीसेक वर्षं जगलेली दिसते. दवाखाना नाही, टोचणी नाही, तरीही. म्हणजे आजी ही औषधांच्या आधीची, फार जुनी गोष्ट आहे.

जॉर्ज विल्यम्स या अमेरिकी जीवशास्त्रज्ञानं १९५७ मध्ये एक विचार मांडला. वय वाढतं तसं बाळंतपण जिवावर बेतण्याची शक्यता वाढते. माणसाचं मूल तर वर्षानुवर्षं परावलंबी. अशा वेळी एका वयानंतर आणखी मूल जन्माला घालण्यापेक्षा झालेली मुलं हातीपायी धड वाढवणं जास्त फायद्याचं ठरत असेल. पाळी जाणं ही शरीराची झीज नसून शरीरानं केलेली कामाची फेरवाटणी असेल. विचार पटण्यासारखा होता, पण त्याला पुरावा नव्हता. तो मिळायला तीसेक वर्षं जावी लागली.

एयासी सरोवराकाठच्या म्हाताऱ्या

उत्तर टांझानियात एयासी नावाचं खारं सरोवर आहे. त्याच्या आसपासच्या कोरड्या, झुडपी रानात हाद्झा लोक राहतात. ते जेमतेम हजार-तेराशे असतील. त्यांच्यातले काही जण आजही शेती न करता आणि गुरं न पाळता शिकार, मध, रानबोरांसारखी फळं, गोरखचिंचेचा गर आणि कंद यांवर गुजराण करतात. १९८० च्या दशकात क्रिस्टन हॉक्स, जेम्स ओ'कॉनेल आणि निकोलस ब्लर्टन जोन्स हे तीन संशोधक त्यांच्यात जाऊन राहिले. त्यांचं काम कंटाळवाणं वाटावं असं होतं. कोण किती वेळ रानात जातं, कोण काय आणतं, त्याचं वजन किती, ते कोणाच्या पोटात जातं, याची दिवसेंदिवस नोंद ठेवायची.

तोवर अभ्यासकांत एक चित्र रुळलेलं होतं. बाप शिकार करून आणतो, आई मुलांजवळ बसते आणि त्यातून माणसाचं कुटुंब घडलं. हाद्झांच्या नोंदींनी या चित्राला तडा गेला. मोठं जनावर एकेका शिकाऱ्याच्या वाट्याला सरासरी महिन्यातून जेमतेम एकदा येई, आणि मिळालं की त्याचं मांस अख्ख्या वस्तीत वाटलं जाई. मुलाची भूक मात्र रोजची असते.

रोजचं पोट भरत होतं ते कंदांवर. त्यातला महत्त्वाचा कंद म्हणजे एक्वा. तो टणक जमिनीत खोल, दगडांच्या बेचक्यांत अडकलेला असतो. टोकदार काठीनं माती खणत, दगड उपसत तो काढावा लागतो. हाद्झांची मुलं लहान वयातच बोरं वेचायला शिकतात, पण हे काम त्यांच्या ताकदीबाहेरचं. तरुण बाया खणत होत्याच. संशोधकांना चकित केलं ते म्हाताऱ्यांनी. साठी उलटलेल्या बायका तरुणींपेक्षा जास्त वेळ रानात घालवत होत्या, आणि परत येताना त्यांची झोळी तरुणींइतकीच भरलेली असे.

आता यातला मर्माचा भाग. कोणत्या मुलाचं वजन कशानं वाढतं हे त्यांनी तपासलं. साधारणपणे आई जितका जास्त वेळ अन्न गोळा करेल, तितकं तिचं मूल बाळसं धरत होतं. पण पाठचं भावंड जन्मलं की हा संबंध तुटत होता. आई नव्या बाळात अडकलेली, तिचे खणायचे तास घटलेले. अशा वेळी थोरल्या मुलाचं वजन आजीच्या कष्टावर ठरू लागे. आजी जास्त खणणारी असेल तर ते मूल तगायचं.

हे वाचलं तेव्हा पाळण्याला धरून उभी असलेली ती सव्वातीन वर्षांची पोरगी माझ्या डोळ्यांपुढे आली. आपल्याकडे पाठीवर भावंड आलं की थोरल्याला आजोळी पाठवायची रीत घरोघरी होती. ती कोणी शास्त्र म्हणून शिकवली नव्हती. बायकांना ते ठाऊक होतं.

चिंपांझीशी ताडून पाहिलं की याचं मोल आणखी कळतं. चिंपांझीण एका पिल्लाला चार-पाच वर्षं पाजते आणि तिच्या दोन पिल्लांत पाच-सहा वर्षांचं अंतर राहतं. पाजणं सुटलं की पिल्लू स्वतः फळं तोडून खातं. माणसाच्या मुलाचं दूध दोन-तीन वर्षांत सुटतं, पण स्वतःचं पोट स्वतः भरायला पुढे कित्येक वर्षं जावी लागतात. त्याआधीच आई पुन्हा बाळंत होते. एकाच वेळी दोन-तीन परावलंबी मुलं हे ओझं एकट्या आईला पेलणारं नव्हतंच. हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडणी केली ती अशी: हवामान कोरडं होत गेलं, मुलांना सहज तोडता येतील अशी फळं कमी झाली, कंदांवर भिस्त वाढली. ज्या लेकीच्या आईच्या अंगात म्हातारपणीही खणायची धमक होती, तिची मुलं जास्त जगली. त्या मुलांमध्ये आजीची चिवट प्रकृती उतरली. पिढ्यान् पिढ्या हे होत गेलं आणि माणसाचं आयुष्य लांबलं. तुमच्या-माझ्या म्हातारपणाची तरतूद कधीकाळच्या आज्यांनी करून ठेवली आहे, असा याचा अर्थ.

सारा हर्डी या संशोधिकेनं याला बाळाच्या बाजूनं आणखी एक जोड दिली. ज्या बाळाला आईखेरीज इतरांच्याही कडेवर वाढायचं आहे, त्याला त्या इतरांचं मन जिंकावं लागतं. चेहरा वाचणं, डोळ्यांत बघून हसणं, कोण आपलं हे ओळखणं ही माणसाची खास कला अशा कडेवरच घडली असावी, असं त्या म्हणतात. आजीनं "आलं का माझं बाळ" म्हटल्यावर अंग झोकून देणारं तान्हं पाहिलं की मला हे सहज पटतं.

दुधावरची साय

आपल्याकडे नातवंडाला दुधावरची साय म्हणतात. दुधापेक्षा सायीला जास्त जपायचं असतं. जनुकांचं गणित वरवर उलट सांगतं: मुलामध्ये आपला अर्धा वाटा असतो, नातवंडात सरासरी पाव. पण दोन पाव मिळून अर्धा होतो, आणि इथेच गंमत आहे.

फिनलंडमध्ये चर्चच्या दप्तरात जन्म, लग्न आणि मृत्यू यांच्या फार बारकाईनं नोंदी ठेवल्या गेल्या. मिर्का लाहडेनपेरा आणि सहकाऱ्यांनी अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली फिनलंड आणि कॅनडा इथली अशी कुटुंबं तपासून २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. पन्नाशीनंतर बाई जगलेल्या दर दहा वर्षांमागे तिला सरासरी दोन नातवंडं जास्त होती. दोन पाव म्हणजे एक अर्धा. स्वतः आणखी एक मूल जन्माला घालण्याइतकंच फळ, आणि त्यासाठी उतारवयात जिवाशी खेळायची गरज नाही.

फिनलंडच्याच नोंदींवरचं २०१९ मधलं काम मला अधिक जवळचं वाटतं. पन्नास ते पंचाहत्तर वयाची आईची आई हयात असेल, तर दोन ते पाच वर्षांच्या मुलांची जगण्याची शक्यता सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेली होती. वयोगट पाहा. तान्ही बाळं नव्हेत, तर दूध सुटलेली, आईची मांडी सुटलेली मुलं. पश्चिम आफ्रिकेतल्या गाम्बियातही हेच दिसलं. तिथल्या चार खेड्यांत एका ब्रिटिश डॉक्टरांनी १९५० पासून पंचवीस वर्षं मुलांची वजनं आणि जन्ममृत्यू लिहून ठेवले होते. रिबेका सीअर आणि रूथ मेस यांनी ती दप्तरं पुन्हा उघडली. आईची आई हयात असलेली मुलं जास्त धष्टपुष्ट होती, आणि पाजणं सुटण्याच्या नाजूक वयात ती जास्त तगली होती.

मग बाबांची आई? अनेक समाजांतल्या नोंदी एकत्र मांडल्या, तर आईच्या आईचा उपयोग बहुतेक ठिकाणी ठळक दिसतो. बाबांच्या आईचा कुठे दिसतो, कुठे नाही. यावरून घरात भांडण काढू नये. बाबांच्या आईच्या कुशीत वाढलेली लाखो माणसं आहेत आणि त्यांच्या मायेला कोणतीही आकडेवारी खोटं पाडू शकत नाही. शक्य असलेलं एक कारण साधं आहे. बाळंतिणीला काय दुखतंय, काय खावंसं वाटतंय हे ती आईला न लाजता सांगते. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली पद्धत यातूनच आली असणार. सव्वा महिना तेल-मालिश, शेक-शेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, आणि पाय लांब करून त्यांवर बाळाला घेऊन न्हाऊ घालणारी आजी. मराठीनं तर आईच्या माहेराला नावच आजा-आजीवरून दिलं: आजोळ.

सासू आणि सून यांच्याबद्दलही या अभ्यासात एक महत्त्वाची गोष्ट आहे. फिनलंडमधल्या ज्या घरांत सासू आणि सून एकाच सुमारास बाळंत झाल्या, तिथे दोघींच्याही मुलांचे मृत्यू पुष्कळ वाढलेले दिसले. एकाच कोठारातल्या धान्यावर दोन तान्ह्यांचा भार पडत होता. त्यामुळे काही शास्त्रज्ञ म्हणतात, पाळी जाण्यामागे नातवंडांचा सांभाळ हे एकच कारण नाही, पिढ्यांमधली ही ओढाताण टळणं हेही कारण आहे. काका-पुतणे किंवा मामा-भाचे एकाच वयाचे असलेली घरं आपल्या आधीच्या पिढीनं पाहिली आहेत. त्या घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांना विचारलं, तर सुनेबरोबर आपणही गरोदर आहोत हे कळल्यावर त्यांना किती अवघडल्यासारखं झालं होतं ते त्या सांगतात. दोन्ही कारणं एकमेकांना खोडत नाहीत, असं मला वाटतं.

माणसाखेरीज आजीच्या आधाराची गोष्ट ठळकपणे दिसते ती समुद्रात. कॅनडा आणि अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यालगत राहणाऱ्या किलर व्हेलच्या कुटुंबांवर १९७० च्या दशकापासून लक्ष ठेवलं जातंय. पाठीवरच्या पंखाचा आकार आणि त्यावरच्या खुणा यांवरून एकेक प्राणी ओळखता येतो. त्यांच्या माद्या चाळिशीच्या आसपास विणं थांबवतात आणि पुढे कित्येक दशकं जगतात. मुलगे आणि मुली दोघंही जन्मभर आईबरोबर राहतात, त्यामुळे आजी कायम कुटुंबातच असते. सॅमन मासे कमी पडतात त्या वर्षी कळपाच्या पुढे बहुतेक म्हातारी असते. कुठल्या खाडीत, कुठल्या महिन्यात मासा सापडेल हे तिला आठवत असतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं, की ज्याची आजी गेल्या दोन वर्षांत मेली आहे अशा पिल्लाचा मृत्यूचा धोका, आजी जिवंत असलेल्याच्या मानानं साडेचार पट होता. सॅमन कमी असलेल्या वर्षांत ही उणीव आणखी जाणवत होती.

देहात राहिलेली खूण

मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या बीजांडकोशांत आयुष्यभराची बीजं तयार होतात. पाचव्या महिन्याच्या सुमारास ती साठ-सत्तर लाख असतात, जन्मापर्यंत दहा-वीस लाख उरतात, आणि त्यांतली जेमतेम चारशे पुढे पक्व होतात. याचा अर्थ असा, की ज्या बीजापासून मी झाले ते माझ्या आईच्या देहात तयार झालं, तेव्हा आई आजीच्या पोटात होती. आजी तेव्हा भाताची लावणी करत असेल, ओल्या लाकडांची चूल फुंकत असेल. तिच्या पोटात माझ्यातलं अर्धं होतं.

आणखी एक धागा आहे. पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारे मायटोकाँड्रिया नावाचे घटक असतात. त्यांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो आणि तो फक्त आईकडून येतो. आईला तिच्या आईकडून. म्हणजे आईची आई आणि नातवंड यांच्यात तो जवळजवळ जसाच्या तसा असतो, मधली कडी हरवली तरी.

मधली कडी खरोखर हिसकावून घेतली गेली ती अर्जेंटिनात. १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीत हजारो माणसं गायब केली गेली. त्यांत गरोदर मुलीही होत्या. त्यांना बाळंत होईपर्यंत कोठडीत जिवंत ठेवलं, मग मारलं, आणि बाळं राजवटीशी जवळीक असलेल्या घरांत किंवा इतर कुठे देऊन टाकली. १९७७ मध्ये काही आज्या ब्यूनस आयर्सच्या प्लाझा दे मायो या चौकात एकत्र आल्या. गायब झालेल्यांच्या आयांनी डोक्याला पांढरं फडकं बांधायची सुरुवात केली होती, आणि अगदी सुरुवातीला ती फडकी म्हणजे बाळाचे लंगोट होते. तीच आज्यांचीही खूण झाली. त्या राजवटीत सुमारे ५०० बाळं चोरली गेली असावीत, असा या आज्यांचा अंदाज आहे.

त्यांच्यापुढचा प्रश्न असा होता: आई-वडील दोघंही नाहीत, तर हे मूल आमचंच हे सिद्ध कसं करायचं? तोवरच्या चाचण्या मूल आणि आई-बाप यांच्यापुरत्या होत्या. आज्या परदेशांतल्या शास्त्रज्ञांचे उंबरे झिजवत राहिल्या. शेवटी अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग १९८४ मध्ये त्यांच्या मदतीला आल्या. एक पिढी ओलांडून नातं ओळखण्याची पद्धत बसवली गेली. तिचं नावच आजीपणाचा निर्देशांक असं पडलं. पुढे मायटोकाँड्रियाच्या डीएनएनं ती ओळख आणखी पक्की केली. १९८७ मध्ये कायद्यानं राष्ट्रीय जनुक-कोश उभारला गेला. आज्यांनी आपलं रक्त तिथे ठेवलं, म्हणजे त्या गेल्यावरही नातवंड येऊन विचारू शकेल. आतापर्यंत १३० हून अधिक नातवंडं सापडली आहेत. ती आता चाळिशीपलीकडची माणसं आहेत. मुलाची ओळख जपण्याचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात आठव्या कलमानं आला, त्यामागेही या आज्यांचा रेटा होता.

मेंदूचीही साक्ष आहे. अटलांटातल्या एमरी विद्यापीठात जेम्स रिलिंग यांनी, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पन्नास आज्यांना मेंदूच्या स्कॅनमध्ये झोपवून फोटो दाखवले. नातवंडाचा फोटो दिसला, की दुसऱ्याची भावना आपल्याला तशीच जाणवण्याशी संबंधित असलेले भाग उजळले. मूल हसताना तिला हसू येतं, त्याला लागलं की तिला कळ येते. आपल्या मोठ्या मुलाचा किंवा मुलीचा फोटो पाहताना मात्र ते काय विचार करतात, का करतात, हे समजून घेण्याचे भाग जास्त काम करत होते. "मला एवढं ओरडायचीस, आणि ह्यांना काहीच बोलत नाहीस" ही सगळ्या आयांची आपल्या आईविषयीची तक्रार आहे. तिचं उत्तर थोडंफार या चित्रांत सापडतं.

कोयता, व्हिसा आणि गुडघे

आईची मांडी सुटलेली मुलं आजही आहेत. मराठवाड्यातून, विशेषतः बीडकडून, दसरा-दिवाळीनंतर नवरा-बायको मिळून ऊसतोडीला जातात. त्या जोडीलाच कोयता म्हणतात. पाच-सहा महिने गाव सुनं होतं. तान्हं बाळ आईबरोबर फडावर जातं, आणि शाळेच्या वयाची मुलं मागे राहतात ती आजीजवळ. गावात म्हातारं माणूस असेल तर मुलाची शाळा टिकते. नसेल तर तेही उसाच्या फडात जातं. हाद्झांच्या रानात तोललं गेलेलं सत्य इथे दर हिवाळ्यात नव्यानं घडतं.

दुसऱ्या टोकाला, मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिन्यांच्या व्हिसावर अमेरिकेत जाणाऱ्या आज्या आहेत. सामानात डिंक, अळीव, बाळगुटीची मुळ्या-कांड्यांची पुरचुंडी. मुदत संपली की परत, आणि मग मोबाइलच्या पडद्यावर नातवंडाची पापी. कॅनडातल्या क्युबेक प्रांतातल्या सतराव्या-अठराव्या शतकातल्या नोंदी सांगतात, की आई हयात असलेल्या बायकांची मुलं जास्त जगली, पण आईचं गाव जितकं लांब, तितका हा फायदा घटत गेला. अंतर तेव्हाही मोजावं लागत होतं.

आणि आजी दमते, हेही नोंदींत आहे. फिनलंडच्या त्याच २०१९ च्या अभ्यासात पंचाहत्तरी ओलांडलेल्या, थकलेल्या आजीचा असा आधार उरलेला दिसत नाही. उलट अशी बाबांची आई घरात असेल तर तान्ह्यांचे मृत्यू वाढलेले आढळले, कारण आता तिलाच काळजीची गरज होती. दोघंही नोकरीला जाणारी जोडपी आजीला पाळणाघर धरून चालतात, तेव्हा मला तिचे गुडघे आठवतात.

गेल्या दिवाळीत आजोळी गेले होते. आजीला जाऊन आता अकरा वर्षं झाली. परसात कणगरांचे वेल पिवळे पडले होते. मी मामाला म्हटलं, "आजीला ह्यांची फार आवड होती ना, रोज उकरायची."

"आवड कसली," मामा म्हणाला. "तुला आणायला ती डोंबिवलीला आली, त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस झाला. खळ्यातल्या भाऱ्यांना मोड आले. त्या वर्षी घरात तांदूळ विकतचा होता, तोही तुझ्या मऊ भातापुरता. आम्ही नाचणी नि कंद."

"कधी बोलली नाही," मी म्हटलं.

"कोणाशी बोलणार? तू तर शेजारी बसून माती झटकत होतीस."